हेमलताची फिल्म नापास झाली तेव्हा

स्क्रीनवरचा लूप तोंड मिटत नव्हता आणि हेमलता रडत नव्हती. मला दोन्ही गोष्टींची काळजी वाटत होती.

“मॅडम, फिल्मच खराब आहे. कितीदा लावाचं?” ती म्हणाली.

“पुन्हा लाव.”

तिनं काचेची कांडी कॉइलमधून बाहेर काढली. टोकावरचा तुकडा सोडवला, स्पिरिटनं पुसला, दिव्यावर लाख मऊ करून परत चिकटवला. कांडी आत सरकवली. मी चुंबकीय फील्ड चालू केलं. तोच लूप. तोंड उघडं आणि शेपूट वर.

पुण्याहून फोन येऊन तास झाला नव्हता. ज्या कंपनीचं काम आम्ही करत होतो, तिथल्या इंजिनिअर वैद्य मॅडम बोलल्या होत्या. “तुमचा रिपोर्ट वाचला. मी गुरुवारी गोंदियाला येते. समोरासमोर बोलू.” एवढंच. आवाज अगदी शांत. ओरडणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही, आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात. शांत आवाजाचा फोन आला की मात्र मी सावध होते.

हे काम काय होतं ते आधी सांगते. भौतिकशास्त्र शाळेतच सोडलेल्या माणसालाही कळेल असं सांगते, कारण माझ्या बाबांना मी असंच सांगितलं होतं आणि त्यांना कळलं होतं.

मोबाइल फोन तेव्हा जाडजूड होते ते सडपातळ होऊ लागले होते. फोनच्या पोटात इंडक्टर नावाची एक वस्तू असते. इंडक्टर म्हणजे तारेचं वेटोळं. करंट एकदम उड्या मारायला लागला की हे वेटोळं त्याला आवरून धरतं. फोन बारीक करायचा तर वेटोळंही बारीक हवं, आणि वेटोळं बारीक केलं की त्याची ताकद जाते. मग त्याच्या वर-खाली चुंबकीय धातूचा एक पापुद्रा द्यायचा, म्हणजे छोट्या वेटोळ्यातही मोठ्याचं बळ येतं. त्या पापुद्र्याला म्हणतात थिन फिल्म. आमची फिल्म निकेल आणि लोखंडाची. केसापेक्षा कितीतरी पातळ. काचेच्या तुकड्यावर चढवलेली असते म्हणून दिसते, नाहीतर फुंकरीनं उडून जाईल.

पण कुठलीही फिल्म चालत नाही. करंटची दिशा बदलली की फिल्मनंही आपलं चुंबकत्व लगेच फिरवायला हवं. जी फिल्म अडून बसते ती गरम होते, बॅटरी खाते. हे अडून बसणं मोजायचं म्हणजे लूप काढायचा. आपण बाहेरून किती फील्ड दिलं ते आडवं, फिल्म किती चुंबकली ते उभं. फील्ड एकदा इकडून वाढवायचं, एकदा तिकडून. जाताना आणि येताना रेघ एकाच वाटेनं गेली तर लूप मिटलेला, फिल्म गुणाची. दोन वाटा झाल्या, मधे तोंड उघडलं, तर फिल्म हट्टी. आणखी एक गोष्ट पाहायची. फील्ड वाढवत नेलं की एका ठिकाणी फिल्मचं पोट भरतं, मग रेघ सपाट व्हायला हवी. पोट भरल्यावरही रेघेचं टोक, आम्ही त्याला शेपूट म्हणतो, वर चढतच राहिलं तर काहीतरी चुकतंय.

आमच्या लूपमध्ये दोन्ही दोष होते.

लॅब गोंदियातल्या एका कॉलेजची. मी तिथं टेक्निकल असिस्टंट. सडक अर्जुनीच्या बाजूच्या गावची मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, एम.एस्सी. झालेलीही पहिली मीच, आणि हे मी लपवत नाही, मिरवते. लॅबचे प्रमुख बिसेन सर. लूप काढण्याचं यंत्र त्यांनी स्वतः बांधलेलं. दोन मोठ्या कॉइल, सागवानाच्या चौकटीवर गुंडाळलेल्या. चौकटीत एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या, कारण जवळ लोखंड नको. मधे दोन छोट्या कॉइल, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या. बाहेरून आलेलं फील्ड एक म्हणेल तर दुसरी ते खोडून काढेल. सर म्हणायचे, “या दोघी सख्ख्या जावा आहेत. घरातलं काही बाहेर जाऊ देत नाहीत, फक्त पाहुणा आला तर बोलतात.” पाहुणा म्हणजे आपला सॅम्पल. असं यंत्र विकत घ्यायला कॉलेजची ऐपत नव्हती. सर रोज सकाळी आल्यावर त्या चौकटीवर हात ठेवायचे, गोठ्यात गेल्यावर म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.

हेमलता राहांगडाले ही सरांची रिसर्च स्टुडंट. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या घरातली पोरगी, तिच्याही घरात कॉलेजात गेलेली ती एकटीच. तिनं स्वतःचं प्लेटिंगचं, म्हणजे फिल्म चढवायचं, द्रावण तयार केलं होतं. कंपनीनं आपल्या फिल्मचे काही तुकडे पाठवले होते, त्यांच्यासोबत हेमलताचे तुकडे मोजायचे आणि सांगायचं, कोणते चांगले. प्रोजेक्टचा पहिला टप्पा संपत आला होता. कंपनीनं दुसरा टप्पा दिला तर हेमलताची जागा राहणार. नाही दिला तर महिनाअखेरीस ती घरी. नागपूरला जाऊन दुसरा गाइड शोधायचा, नवा विषय घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, हे तिच्या घरून झेपणारं नव्हतं. ती तसं बोलून दाखवत नव्हती. मला ते माहीत होतं, कारण मीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि आम्ही रिपोर्ट पाठवला होता की सगळ्या फिल्म नापास. कंपनीच्याही आणि हेमलताच्याही.

मी सरांकडे गेले. ते खुर्चीत बसून सोल्डरिंगचा टाका फुंकत होते.

“सर, मला हे पटून नाही राहिलं. सगळेच्या सगळे कसे नापास?”

“काऊन नाही होणार? परीक्षेत अख्खा वर्ग नापास होते की नाही?”

“अख्खा वर्ग नापास झाला तर मी पेपर तपासणाऱ्याकडे पाहते.”

सरांनी हातातली तार खाली ठेवली. “म्हणजे माझं मशीन खोटं बोलून राहिलं?”

“तसं नाही म्हटलं.”

“मंग कसं म्हटलं?”

“पाहून घेते म्हटलं. गुरुवारच्या आत.”

“पाहा,” ते म्हणाले. “पन माझ्या कॉइलले हात नोको लावू.”

पहिली परीक्षा सोपी. आमच्याकडे निकेलचा एक पत्रा आहे, त्याचं चुंबकत्व किती यायला हवं ते ठरलेलं आहे. दुकानदार वजनमाप तपासून घेतो तसा आम्ही तो लावून पाहतो. लावला. बरोबर आला. सर मागं उभे होते. “पाहिलं?” एवढं म्हणून गेले. पाठमोरे असूनही खूश दिसत होते.

मी खूश नव्हते. पत्रा जाड, फिल्म पातळ. धानाच्या भरल्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कोणी एक मूठ धान टाकलं तर काट्यावर कळणार नाही. पण तीच मूठ रिकाम्या पाटीत टाकली तर? निकेलचा पत्रा म्हणजे भरलेली बंडी. त्यानं मशीन पास झालं, पण मूठभर चूक कुठं आहे ते सांगितलं नाही.

दुसरा संशय विजेचा. लाइनमधली गडबड छोट्या कॉइलमध्ये शिरते आणि लूप वाकडा करते. तेव्हा भारनियमन होतं, दुपारी हमखास लाइट जायचे. एरवी आम्ही त्या वेळेला शिव्या द्यायचो. त्या दिवशी मी वाट पाहत बसले. लाइट गेले, अख्ख्या बिल्डिंगचे पंखे थांबले, मी मशीन बॅटरीवर चालवलं. आजूबाजूला काहीच चालू नाही. शेपूट वरच.

“लाइट नाही,” मी म्हटलं.

“त मंग आमचीच फिल्म,” हेमलता.

“तू गप बस. क्लिप काढ केसातली.”

“कायले?”

“लोखंड आहे.”

तिनं क्लिप काढली, केस सोडून दोरीनं बांधले. मी माझ्या पर्समधल्या चाव्या बाहेर ठेवून आले. चिमटा प्लास्टिकचा आहे ना ते पाहिलं. स्टीलचं कपाट आम्ही दोघींनी ढकलत दारापर्यंत नेलं, त्याच्या आवाजानं खालच्या वर्गातली पोरं वर पाहायला आली. पुन्हा लूप काढला. शेपूट हललं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या फिल्मला दिशा असते. प्लेटिंग करताना बीकरच्या दोन बाजूंना चुंबक ठेवले की फिल्मला एक सोपी दिशा मिळते आणि तिच्या काटकोनात अवघड दिशा. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, गादीवरून हात फिरवला तर एका बाजूनं सुळकन जातो, दुसऱ्या बाजूनं टोचतो, तसं. सोप्या दिशेनं मोजलं तर लूप चौकोनी येतो, अवघड दिशेनं मोजलं तर तिरकी, बंद रेघ. इंडक्टरला अवघड दिशाच लागते, म्हणून आम्ही तीच मोजत होतो. तुकडा काटकोनात फिरवला की लूपचा चेहराच बदलायला हवा.

मी हेमलताला म्हटलं, “फिरवून लाव.”

तिनं फिरवून लावला. तिरका लूप चौकोनी झाला, व्हायला हवा तसा. पण शेपूट? शेपूट तेवढंच. आधीचा लूप आणि हा लूप एकावर एक ठेवून पाहिले. टोकाकडचा चढ अगदी सारखा.

“हेमलता, हे पाहा. तुझी फिल्म फिरली. हे नाही फिरलं.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे तुझ्या फिल्मचं नाहीच. दिशा नसलेलं दुसरंच काहीतरी आत बसलं आहे, आणि ते फिल्मसोबत आत जाऊन राहिलं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कांडीकडे पाहिलं. कांडीवर काय होतं? काच, फिल्म, आणि चिकटवायची लाख.

लाखेबद्दल सांगते. बाहेर मोठ्या लॅबमध्ये सॅम्पल चिकटवायला परदेशी ग्रीस किंवा वार्निश वापरतात. आमचे सर म्हणायचे, गोंदियात बसून बाहेरचा डिंक कायले? आपल्या जंगलात लाख होते, गावात लाखेचे कारखाने. चपडा लाख, म्हणजे शुद्ध लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे, थोड्या आचेवर मऊ होतात, गार झाल्यावर घट्ट धरतात, स्पिरिटनं निघून जातात. चुंबकाशी त्यांचं काही घेणंदेणं नाही. सर कुठल्याही कॉन्फरन्सला गेले की लाखेवर पाच मिनिटं बोलायचे, विषय काही का असेना. आम्ही वर्षानुवर्षं तीच वापरत होतो. एका पितळी डबीत वितळवलेली असायची. वरून जळून जळून काळपट झालेली.

रिकामी कांडी आम्ही दर वेळी मोजायचो. तिला ब्लँक म्हणतात. सॅम्पल नसताना मशीन काय दाखवतं ते आधी पाहायचं आणि नंतर वजा करायचं. पण सरांनी घालून दिलेली रीत अशी की कांडी स्वच्छ पुसून ब्लँक घ्यायचा, मग लाख लावायची, मग सॅम्पल. म्हणजे ब्लँकमध्ये काच होती. लाख नव्हती. चपडा होता तोवर त्यानं काही बिघडत नव्हतं.

मी डबीतली लाख घेतली, कांडीच्या टोकाला लावली, सॅम्पल लावलाच नाही. आत सरकवली. फील्ड चालू.

शेपूट वर आलं. सोबत बारीकसं उघडं तोंडही.

हेमलता खुर्चीवर बसली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी येऊ द्यावं.

मी डबी घेऊन सरांकडे गेले. “सर, ही डबी कोनं भरली?”

“म्या. मागच्या रविवारी. संपत आली होती न. काऊन?”

“चपडा कुठून आणला?”

“चपडा नाही आणला. कारखाना बंद होता. बद्रीनं दिली.”

बद्री सोनी हा सरांचा शाळेपासूनचा दोस्त. सराफ्यात त्याचं छोटं दुकान. घरची बोली हिंदी, गोंदियाच्या सराफ्यात निम्मे तसेच. दोघं एकमेकांना इतका त्रास द्यायचे की नवख्याला वाटावं भांडण आहे.

“सोनाराची लाख?” मी विचारलं.

“लाख लाखच असते, सरिता.”

“सर, लॅबमध्ये या. एक लूप दाखवते.”

सर आले. नुसत्या लाखेचा लूप पाहिला. मग स्वतः कांडी काढली, पुसली, ब्लँक घेतला. सपाट. पुन्हा लाख लावली. शेपूट. पुन्हा पुसली. सपाट. चौथ्यांदा करायला निघाले तेव्हा मी म्हटलं, “सर, ती तीच राहणार.”

“चाल,” ते म्हणाले. “बद्रीकडे.”

आम्ही सरांच्या स्कूटरवरून सराफ्यात गेलो. बद्रीभाऊ नथीला मोती लावत होते. मान वर न करता म्हणाले, “क्या मास्टर, लाख खतम? खाते हो क्या?”

“बद्री, तुझ्या लाखेत काय काय आहे?”

“क्यूं? दुकान डालना है?”

“सांग न गा.”

बद्रीभाऊंनी नथ खाली ठेवली. “चपडा, राल, थोडा तेल. और ईंट का चूरा.”

“विटेचा भुगा?” मी विचारलं.

“हां मॅडम. उसके बिना पकड नहीं आती. ठोका मारला की जेवर हलते. सगळेच सोनार टाकतात. मेरे दादा भी टाकते थे.”

सर कपाळाला हात लावून म्हणाले, “तू मले शुद्ध म्हणून दिली होती!”

“शुद्धच है! पानी मिलाया क्या उसमें? ताजा भुगा, कपडे से छाना हुआ. दुसऱ्याला जुनी देतो, तुला नवी दिली. मेरी लाख पर सोना बैठता है, और तेरा वो काँच का टुकडा नहीं बैठता?”

“बसते रे. लय घट्ट बसते,” सर म्हणाले. “तोच त लोचा आहे.”

विटेत काय असतं ते वाचकांना सांगते. मातीत लोह असतंच. वीट भट्टीत भाजली की त्यातलं काही लोह चुंबकीय होतं. आपल्या हाताला ते कळत नाही, विटेला टाचणी चिकटत नाही. पण आमची फिल्म इतकी पातळ की तिच्यापुढे लाखेच्या ठिपक्यातला विटेचा भुगाही बोलायला लागतो. नुसत्या तर्कावर मला थांबायचं नव्हतं. बद्रीभाऊंच्या मागच्या अंगणात विटा पडल्या होत्या. त्यातला एक तुकडा मागितला.

“मॅडम, ईंट तो मत ले जाओ, दीवार गिर जायेगी,” ते म्हणाले आणि स्वतः उठून एक चांगला तुकडा निवडून, फुंकर मारून, कागदात बांधून दिला. नथीची डबी बांधतात तसा.

येताना सर कारखान्यावर थांबले आणि चपडा घेतला. पुडी उघडून उन्हात धरून पाहिली, एकेक पापुद्रा. इतक्या बारकाईनं त्यांनी बायकोसाठी साडी पाहिली नसेल.

लॅबमध्ये विटेचा भुगा नव्या चपड्यात मिसळून कांडीला लावला. तेच शेपूट. नुसता नवा चपडा लावला. सपाट. आता संशयाला जागा नव्हती. पितळी डबी आम्ही स्पिरिटनं धुतली, कांड्या धुतल्या, हेमलतानं सगळे तुकडे मागून-पुढून स्वच्छ केले. सगळं परत मोजलं, आणि या वेळी प्रत्येक ब्लँक लाख लावून घेतला.

हेमलताच्या फिल्मचा लूप मिटला. रेघ वर गेली, पोट भरलं, सपाट झाली. तिनं तो प्रिंट घेतला नाही, नुसती स्क्रीनकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, क्लिप लावू आता केसाले?”

पण काम संपलं नव्हतं. चुकीचा रिपोर्ट पुण्यात जाऊन बसला होता. सरांनी दुरुस्तीचा मजकूर लिहिला. इंग्रजीत एकच ओळ होती. तिचा अर्थ असा: सॅम्पल बसवण्याच्या पद्धतीत सुधारणा करून मोजमाप पुन्हा घेतलं आहे.

मी वाचलं. “सर, यातून वैद्य मॅडमना काय कळेल?”

“काहीच नाही,” सर म्हणाले. “म्हणून त लिहिलं.”

“त्या म्हणतील, या आठवड्यात सुधारणा केली, पुढच्या आठवड्यात अजून करतील. मग कोणता रिपोर्ट खरा धरायचा? आणि हेमलताच्या फिल्मवर कोण विश्वास ठेवेल?”

“अन विटेचा भुगा लिहिला त विश्वास ठेवतील? पुण्याचे लोक हसतील, सरिता. गोंदियावाल्यांनी सोनाराची लाख लावली म्हणतील. लाखेवर म्या एवढी भाषणं दिली. तेच लोक ऐकत होते.”

हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं. मला पहिल्यांदा कळलं की त्यांना मशीनचं दुःख नव्हतं. लाखेचं होतं.

हेमलता दाराशी उभी होती. म्हणाली, “सर, हसू द्या न जी. हसून झाल्यावर लूप त पाहतीलच.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. कागद चुरगाळला नाही, तसं नाटक ते करत नाहीत. घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “गुरुवारी मी सांगीन. तुम्ही दोघी बोलू नोका.”

गुरुवारी वैद्य मॅडम आल्या. उंच, सडसडीत, खांद्याला मोठी बॅग. चहा नको म्हणाल्या. आमच्याकडे चहा नको म्हणणारा पाहुणा म्हणजे भांडायला आलेला. त्यांनी बॅगेतून एक फाइल काढली आणि उघडणार, तोच सर म्हणाले, “मॅडम, एक मिनिट. आधी मी बोलतो. आमचा रिपोर्ट चुकीचा आहे.”

त्यांचा हात फाइलवरच थांबला.

सरांनी सगळं सांगितलं. एरवी ते पुण्याच्या माणसाशी इंग्रजीत बोलायचे. त्या दिवशी आपल्या मराठीत बोलले, अर्धं हिंदी, अर्धं आमच्या झाडीबोलीचं. कारखाना बंद होता, दोस्ताकडून लाख घेतली, डबीत ओतली, कोणाला सांगितलं नाही. ब्लँकमध्ये लाख नव्हती, ती रीत माझी, यांची नाही. विटेचा तुकडा टेबलावर ठेवला. नुसत्या लाखेचा लूप, विटेचा लूप, चपड्याचा लूप, तिन्ही समोर ठेवले. शेवटी म्हणाले, “लाख माझी, चूक माझी. फिल्म पोरीची आहे, ती चांगली आहे. तुम्ही स्वतः पाहा.”

वैद्य मॅडमनी विटेचा तुकडा उचलला, फिरवून पाहिला. त्या हसल्या नाहीत. फाइल उघडून एक कागद आमच्याकडे सरकवला.

“तुम्हाला पाठवलेल्या तुकड्यांत एक आमचा चाचणीचा तुकडा होता. दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये मोजलेला, चांगला म्हणून माहीत असलेला. बाकीच्यांसारखाच नंबर घालून पाठवला होता. तुम्ही तो नापास केला. मी आज काम बंद करायला आले होते. संध्याकाळच्या गाडीचं तिकीटही काढलेलं आहे.”

खाली पोरं सायकली लावत होती, त्याचा आवाज येत होता.

“मी फाइल उघडायच्या आधी तुम्ही बोललात,” त्या म्हणाल्या. “उघडल्यावर बोलला असता तर मी ऐकलंही नसतं. आता तो तुकडा माझ्यासमोर मोजा.”

हेमलतानं तुकडा बसवला. सर पाणी पितो म्हणून व्हरांड्यात गेले ते तिथंच थांबले. पेला हातात, पाणी तसंच. लाखेसकट ब्लँक घेतला, मग चाचणीचा तुकडा मोजला. वैद्य मॅडमनी त्यांच्या कागदावरचा लूप आमच्या लूपशेजारी धरला. जुळला.

“आता तिचा,” त्या म्हणाल्या.

हेमलताचा लूप निघाला. मिटलेला, टोकाला सपाट. कंपनीच्या तुकड्यापेक्षा तोंड किंचित, अगदी किंचित जास्त उघडं. वैद्य मॅडमना ते लगेच दिसलं.

“थोडी हट्टी आहे तुमची फिल्म.”

“हो जी,” हेमलता म्हणाली. “द्रावणात लोखंड थोडं जास्त होऊन राहिलं. मले माहीत आहे कसं कमी करायचं. पन वेळ लागेल.”

“किती?”

“दुसरा टप्पा दिला त तेवढा पुरेल.”

मी जीभ चावली. सरांनी व्हरांड्यातून मान आत घातली. वैद्य मॅडम मात्र तेव्हा पहिल्यांदा हसल्या, आणि म्हणाल्या, “चहा आता चालेल.”

दुसरा टप्पा मिळाला. हेमलताची जागा राहिली, तिनं लोखंड कमी केलं, वेळ सांगितला होता त्याहून जास्त लागला, पण पीएच.डी. झाली. आज ती एका संशोधन संस्थेत फिल्मच बनवते आणि माझ्याशी फोनवर भांडते. कंपनीनं तिचं द्रावण शेवटी वापरलं की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. कंपन्या सांगत नाहीत.

दुरुस्तीचा रिपोर्ट सरांनी लिहिला तो चार ओळींचा. त्यात चपडा, राळ आणि विटेचा भुगा हे शब्द आहेत. बद्रीभाऊंचं नाव नाही. सर म्हणाले, लिहिलं तर तो अख्ख्या सराफ्यात सांगेल की माझी लाख पुण्याला गेली. त्यानं तरीही सांगितलंच.

मी आता त्या लॅबची इन्चार्ज आहे. नवीन पोरं येतात, मोठ्या मशीनचे फोटो पाहून आलेली असतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. रिकामं मोजायचं म्हणजे सगळं काढून टाकून मोजायचं नाही. जे मोजायचं आहे तेवढंच काढायचं, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, चिकटवायचा ठिपकासुद्धा. पोरं वहीत लिहून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कांडी पुसून ब्लँक घेतात. मग मी पुन्हा सांगते.